वाटाण्याने नेसलेली मोरपंखी साडी

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. ठरलंय म्हणजे आईने ठरवलंय. काल संध्याकाळी तिने मला चुलीपुढे बसवून बजावलं, "हे घरातलं घरात. शाळेत न्हाई, मैत्रिणीत न्हाई, कुठंच न्हाई." मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. वर्गात हजेरीला माझा आवाज इतका बारीक निघतो की एकदा मॅडम मला गैरहजर लावून पुढे गेल्या आणि मी दिवसभर तशीच गैरहजर बसून राहिले.

पण तुम्ही काही आमचे सोयरे नाही. आणि पोटात ठेवून ठेवून माझं जेवण बंद व्हायची वेळ आली आहे. तेव्हा बसा, चहा घ्या आणि ऐका. फक्त हसायचं असेल तर हळू हसा. आत्या अजून इथेच आहे.

सुरुवात वाटाण्यापासून झाली.

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या धड्यात वाटाणा आहे. एक उंच, एक बुटका. मॅडम म्हणाल्या, चित्रातला वाटाणा बघून काय कळणार, कुणीतरी खरा लावा, पाणी आणि जागा कुणाकडे आहे? वर्ग गप्प. मीही गप्प. हात मी वर केलाच नाही. शेजारच्या पल्लवीने माझा कोपर धरून वर केला. मॅडमना वाटलं, बघा, न बोलणारी मुलगी आज स्वतःहून पुढे आली. त्या इतक्या खूश झाल्या की हात खाली घ्यायची मला लाज वाटली.

त्यांनी बियांच्या दोन पुड्या दिल्या. एकीवर लिहिलं होतं 'उंच', दुसरीवर 'बुटका'. संक्रांतीनंतर त्या सगळा वर्ग घेऊन आमच्याकडे वाटाणा बघायला येणार, हेही तिथेच जाहीर झालं. म्हणजे सगळा वर्ग आमच्या घरी. आणि उभं राहून समजावून सांगणार कोण? मी.

आमचं घर गावात नाही, आखाड्यावर आहे, म्हणजे शेतातच. औंढ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी हळद लागते, मग विहीर, मग घर, मग शेळ्या. शेळ्यांना वाटाण्याचा सुगावा लागला असता तर उंच आणि बुटका हा प्रश्नच उरला नसता. म्हणून मी विहिरीमागची जागा निवडली, मोटरच्या खोलीच्या आडोशाला. तिकडे शेळ्या जात नाहीत. आईही क्वचितच जाते.

शेजारी शेजारी दोन ओळी पेरल्या. फरशीच्या दोन तुकड्यांवर खडूने 'उंच' आणि 'बुटका' लिहिलं आणि ज्या त्या ओळीच्या तोंडाशी ठेवलं. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं. हे मुद्दाम सांगते, कारण यापुढे काहीच बरोबर नाही.

झालं असं की 'बुटका' लिहिलेली ओळ भराभर वर आली. जाड खोड, रुंद पानं, अगदी तालमीत जाऊन आल्यासारखी. आणि 'उंच' लिहिलेली ओळ आपली किरकोळ, वारा आला की मान टाकणारी. रोज शाळेतून आले की मी दप्तर न काढता दोन्ही ओळींपुढे उकिडवी बसायची आणि बघायची. माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणतात. घरात सुईत दोरा मीच ओवते. तर त्या चांगल्या नजरेला दिसलं की बुटका उंच आहे आणि उंच बुटका आहे.

म्हणजे पेरताना माझ्याकडून फरश्या उलट लागल्या. दुसरं काय असणार?

मॅडमना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं, मग "आत येऊ का" म्हणायचं, ते कुणाला ऐकू आलं नाही की परत म्हणायचं, मग सगळ्या सरांनी चहाचा कप हातात धरून आपल्याकडे बघायचं. त्यापेक्षा मी दोन्ही फरश्या उचलल्या आणि अदलाबदल करून टाकली. कुणाला कळलंही नाही. मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं.

आता आधार.

मॅडमनी सांगितलं होतं की उंच वाटाण्याला आधार लागतो. त्याच्या पानाच्या टोकाला बारीक तणावे फुटतात, दोऱ्यासारखे, आणि जे हाताला लागेल त्याला ते वेटोळं घालतात. बुटक्याचं तसं नाही. तो आपला आपण उभा राहतो, फार तर शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकतो.

मी आधी बांबू रोवले. चांगले जाड, मजबूत. पण बांबू वाटाण्याला धरताच येईना. लहान लेकराने वडाच्या खोडाला मिठी मारावी तसं झालं. त्याला बारीक काहीतरी लागतं. कापसाच्या वाळक्या पळाट्या असत्या तर प्रश्नच नव्हता, पण यंदा आमच्याकडे कापूस नाही, सगळी हळदच. तूर अजून शेतात उभी होती, त्यामुळे तुराट्याही नाहीत. मग मला सुचलं की दोन बांबूंवर एक आडवा बांबू बांधायचा आणि त्यावरून कापडाच्या पट्ट्या खाली सोडायच्या. पट्ट्या पिळून घेतल्या की छान दोरी होते. आणि जुन्या कापडाला आमच्याकडे काही तोटा नाही.

तोटा का नाही ते सांगते. आमच्या भागात पिकाभोवती साड्या बांधतात. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यात घुसतात, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठ्या रोवायच्या आणि जुन्या साड्या ताणून बांधायच्या. साडी फडफडली की जनावर बिचकतं. लांबून बघाल तर वाटेल, शेतच लग्नाला निघालंय. पप्पा दरवर्षी वारंगा फाट्यावरून अशा जुन्या साड्यांचं एक गाठोडं आणतात. आम्ही त्यांना रानडुकरांच्या साड्याच म्हणतो.

त्या दिवशी आई हरभऱ्यात खुरपत होती. मी बांधावरून विचारलं की जुन्या साड्या उरल्यात का. ती वर न बघता म्हणाली, "मागच्या खोलीत गाठोडं हाय बघ. त्यातल्या घे."

मागच्या खोलीत गाठोडं होतं. चादरीत बांधून खुंटीला टांगलेलं. दुसरं एक गाठोडं हळदीच्या पोत्यांच्या मागे होतं, ते मला दिसलंच नाही. म्हणजे बघा, एवढी चांगली नजर.

खुंटीवरचं गाठोडं सोडलं. वरच एक मोरपंखी साडी, काठावर बारीक कोयऱ्या. तिला फॉल लावलेला, पिको केलेलं. रानडुकरांच्या साडीला फॉल? मी मनात म्हटलं, शहरातल्या बायकांची कमाल आहे, किती चांगल्या साड्या टाकून देतात. तिच्या खाली एक पिवळी होती. तीही घेतली, कारण पिवळा रंग लांबून उठून दिसतो आणि वर्ग बघायला येणार होता.

आणि मी फाडायला बसले. नवी साडी फाटताना फार छान आवाज येतो. तो आवाज मला आता जन्मभर ऐकू येणार आहे.

ती मोरपंखी कुणाची होती ते आता सांगून टाकते.

आमच्याकडे लग्नात, बारशात, घरभरणीत एकमेकींना साड्या आहेर करतात. त्यातल्या निम्म्या कुणी नेसत नाही. आलेली साडी जपून ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसरीला द्यायची. साडी अशी गावोगाव हिंडते. नियम एकच, जिने दिली तिलाच ती परत जाता कामा नये. आमच्या घरभरणीला आईच्या हातून नेमकं तेच झालं. आत्याने दिलेली साडी तिने गडबडीत आत्यालाच आहेर केली. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. भरल्या मांडवात आत्याने ती ओळखली, घडी न मोडता पाटावर ठेवली आणि उठून गेली. त्या दिवसापासून अबोला. फोन नाही, येणं नाही, जाणं नाही.

या भाऊबीजेला पप्पा न बोलावता तिच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने ओवाळलं. आणि येताना आईसाठी एक साडी दिली, वर निरोप दिला, "ही फिरवू नको म्हनावं. नेस म्हनावं."

तीच ही मोरपंखी; आईने ती लगेच कपाटात ठेवली होती, मी कधी बघितलीच नव्हती. दिवाळीनंतर आईच्या कपाटाला वाळवी लागली, म्हणून तिने तिच्या सगळ्या चांगल्या साड्या चादरीत बांधून खुंटीला टांगल्या होत्या. आत्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं पप्पांना फोनवर कळलं होतं आणि आई ती साडी त्या लग्नात नेसणार होती. पण त्याआधी आत्याने स्वतः येऊन बोलावणं करायला हवं होतं. पत्रिका नुसती मोबाइलवर आली असती तर समजायचं की मनातून काही गेलेलं नाही. लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तो मामा म्हणजे पप्पा. बहीण बोलवायला येते की नाही, याची ते दोघं वाट बघत होते. आई तर रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला तरी पदर नीट करायची.

आणि मी इकडे विहिरीमागे त्या साडीच्या पट्ट्या वाटाण्याच्या कमरेला बांधत होते.

तुम्ही विचाराल, आईला कसं दिसलं नाही? दिसलं ना. एकदा ती मोटर बंद करायला आली होती. लांबूनच म्हणाली, "चांगलं बांधलंस गं." साडी फाडून पिळली की ती साडी वाटतच नाही, कुठल्याही चिंध्यांसारखी दिसते. जिने दुकानात बसून ती निवडलेली असते तिलाच ओळखू येते.

वाटाण्याचं काय झालं? काहीच झालं नाही. मी ज्याला उंच म्हणत होते तो माझ्या गुडघ्याला लागला आणि थांबला. वर एवढा मोठा रंगीत मांडव, आणि खाली हा. फुलं आली, शेंगा आल्या, पण वर जायचं नाव नाही. मला वाटलं, लाजत असेल. मी त्याला उचलून उचलून पट्ट्यांना बांधलं. तरी तो आपला तिथेच, पाळण्यात घातलेल्या लेकरासारखा लोंबकळत.

दुसरी ओळ, जिच्यापुढे आता 'बुटका' अशी फरशी होती, ती जमिनीवर पसरत चालली होती. तिच्याकडे मी लक्षच दिलं नाही. म्हटलं, बुटका आहे, खालीच राहणार.

काल दुपारी आत्या आली.

स्वतः आली. हातात पिशवी, पिशवीत कुंकवाचा करंडा, अक्षता आणि पत्रिका. आईने पाय धुवायला पाणी दिलं, नवी सतरंजी टाकली. दोघी एकमेकींशी फार जपून बोलत होत्या, काचेचं सामान उतरवताना बोलतात तसं. आत्याने अजून पत्रिका काढली नव्हती. आई चहा ठेवायला आत गेली आणि पप्पांना काय बोलावं ते सुचेना. मग ते म्हणाले, "अक्का, चहा होईस्तोवर आमच्या रुतूचं विज्ञान बघ चल. सगळी शाळा बघायला येऊन राहिली शनिवारी."

रुतू म्हणजे मी. मी मागून नको नको अशी मान हलवली, कारण वाटाणा वाढलेला नव्हता आणि मला त्याची लाज वाटत होती. साडीचा तर मला पत्ताच नव्हता.

विहिरीमागे आल्यावर आत्या आधी हसली. हा मांडव कुणाच्या लग्नाचा म्हणाली. खाली वाकून तिने एक शेंग तोडली, दाणे तोंडात टाकले, गोड आहेत म्हणाली. मला जरा बरं वाटलं. मग उठताना तिने आधाराला एक पट्टी धरली आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिने पट्टीचा पीळ सोडवला. काठ अंगठ्याने चोळून बघितला. कोयऱ्या. मग ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली.

"माधव, ही साडी कोनाची?"

पप्पा म्हणाले, "कोन्ती साडी? चिंध्या हायेत त्या, अक्का."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने आत्याच्या हातातली पट्टी बघितली.

"मंगल," आत्या म्हणाली, "ही मी दिलेलीच ना?"

आईने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आमच्या घरात हे काम माझं आहे, पण काल तिने केलं.

"आवडली न्हवती तर सांगायचं. घेतली असती वापस. फाडली काहून?"

आणि इथे, मंडळी, मी बोलले. हजेरीलासुद्धा जिचा आवाज निघत नाही ती मी, खणखणीत आवाजात बोलले. आईवर आळ येऊ नये म्हणून बोलले, एवढं तरी लक्षात घ्या.

"आईने न्हाई फाडली, आत्या. मी फाडली. मला वाटलं, रानडुकराची साडी हाय."



"रानडुकराची," आत्या म्हणाली. हळू म्हणाली, तेच जास्त लागलं. मग ती पप्पांशी बोलायला लागली, पण ऐकवत होती आम्हाला. किती वेळ दुकानात बसली होती, दुकानदार कसा कंटाळला होता, फॉल स्वतःच्या हाताने लावला होता, मामी मोरपंखी नेसून येणार असं गावभर सांगून ठेवलं होतं. शेवटी म्हणाली, "मला रस्त्यावर सोड, माधव. जीप भेटंल."

पत्रिका पिशवीतच होती. पप्पा तसेच उभे. मी त्यांच्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि परत बघितलं नाही.

"थांबा, वन्सं. एक घडी थांबा." आईने ताटली जमिनीवर ठेवली आणि ती घराकडे पळाली. खरंच पळाली. आली ती खुंटीवरचं गाठोडं छातीशी धरून. तिथेच धुऱ्यावर बसून तिने ते सोडलं आणि एकेक साडी बाजूला टाकायला लागली. सगळ्या टाकून झाल्या. परत पहिल्यापासून बघितल्या.

"पिवळी कुठंय?" ती स्वतःशीच म्हणाली.

पिवळी. तुम्हाला माहीत असेल, लग्नात नवरीला पिवळी साडी लागते आणि ती मामाकडून येते. मला मात्र ते त्या क्षणी आठवलं. मी हळूच ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे. तिकडच्या निम्म्या पट्ट्या पिवळ्या होत्या. चांगला उठून दिसत होता रंग.

आई रडली नाही. नुसती हात मांडीवर ठेवून बसली. "वन्सं, पोरीची पिवळी घेऊन ठेवली होती मी. तीच दाखवनार होते. आता काय दाखवू."

आत्या जायला वळली होती, ती थांबली. "कधी घेतली?"

"मागच्या गुढीपाडव्याला."

"तवा तर आपन बोलत न्हवतो."

"न्हवतो."

"पोरीचं जमलं बी न्हवतं तवा."

"कधी ना कधी जमलंच असतं," आई म्हणाली. "तुमी बोला, न बोला. पिवळी तर मामाकडूनच लागती."

आत्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. पप्पा विहिरीत बघायला लागले. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, म्हणून मी धरणीकडेच बघत उभी राहिले.

आणि तिथे मला दिसलं.

माझ्या पायापाशी 'बुटका' लिहिलेली फरशी होती. तिच्या मागून एक वेल निघाला होता. तो जमिनीवरून गेला होता, पाण्याच्या पाइपला धरून पुढे गेला होता, मोटरच्या खोलीच्या कोपऱ्यावरून वळला होता. मी दोन पावलं पुढे जाऊन कोपऱ्यापलीकडे बघितलं. तो खिडकीच्या गजांना वेटोळे घालत वर चढला होता आणि पार पत्र्याला टेकला होता. वर जाऊन पांढरी फुलं लावून बसला होता. इतके दिवस मी त्या कोपऱ्यापलीकडे बघितलंच नव्हतं.

म्हणजे पुड्याही बरोबर होत्या आणि माझ्या पहिल्या फरश्याही बरोबर होत्या. बुटक्याला घाई असते, तो आधी तरारतो आणि लवकर थांबतो. उंच आधी नुसता रेंगाळतो आणि मग कुणाला ऐकत नाही. मीच शहाणी.

अशा वेळी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसणं हा तर माझा हातखंडा. पण काल माझं तोंड कुणी दुसरंच चालवत होतं.

"आत्या," मी म्हटलं, "याला आधार लागतच न्हवता."

"काय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. फरश्या कशा बदलल्या, बुटक्यालाच उंच समजून मांडव कसा घातला, आणि खरा उंच बिचारा लोळत लोळत जाऊन खिडकीला कसा लागला. पप्पांनी विहिरीतून मान काढली. आत्याने एकदा मांडवाकडे बघितलं, एकदा खिडकीकडे.

"म्हंजी माझी साडी फाडली. पोरीची पिवळी फाडली. आन त्या दोन्ही बी ज्याला नको त्याला बांधल्या."

"व्हय," मी म्हटलं.

आत्याने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. मग ती धुऱ्यावर आईच्या शेजारी, त्या पसरलेल्या साड्यांवरच खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. पप्पांना कळेना की आपण हसावं की नाही. आई हसत होती आणि रडतही होती.

"मंगल," आत्या कशीबशी म्हणाली, "हिला लग्नात हार धरायला उभी करू नको. नवरदेव सोडून बँडवाल्याच्या गळ्यात घालील."

मग तिने तिथेच धुऱ्यावर पत्रिका काढली. आईला कुंकू लावलं, पप्पांच्या हातावर अक्षता ठेवल्या. मलाही कुंकू लावलं, पार नाकापर्यंत. पिवळी दुसरी घेता येईल म्हणाली. जिला घ्यायची आठवण अबोल्यात राहिली ती परत घेईलच म्हणाली. आणि ती मुक्कामाला राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर किती चांगलं झालं असतं.

पण उठताना आत्याने त्या पसरलेल्या साड्यांतून एक निळी उचलली. बारीक सोनेरी ठिपक्यांची, मऊ. अंगावर धरून बघितली. "मोरपंखी गेली तर गेली. लग्नात ही नेस, मंगल. काय सुरेख हाय. कोनी दिली?"

ती निळी कुणीच दिलेली नाही. मागच्या वर्षी पप्पांनी वारंगा फाट्यावरून जे गाठोडं आणलं होतं त्यातून आईने ती स्वतःसाठी बाजूला काढली, चारदा धुतली आणि चांगल्या साड्यांत ठेवून दिली. म्हणजे त्या सगळ्या ढिगात खरीखुरी रानडुकराची साडी एकच होती, आणि आत्याने तीच उचलली.

आईने माझ्याकडे बघितलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, "अशीच एका दुकानातली." आणि मग संध्याकाळी मला चुलीपुढे बसवलं, ते तुम्हाला सांगितलंच.

आज सकाळी आत्याने आणि मी निर्गुडीच्या बारीक वाळक्या फांद्या आणून खऱ्या उंच वाटाण्याच्या ओळीत रोवल्या. जमिनीवर लोळलेले शेंडे अलगद उचलून फांद्यांना टेकवले. बुटक्याच्या पट्ट्या सोडवायला गेलो, तर त्याने तणाव्यांनी त्या इतक्या घट्ट धरून ठेवल्या आहेत की ओढलं तर झाड येतं. आत्या म्हणाली राहू दे, नेसू दे त्याला. फरश्याही परत जागेवर आहेत. शनिवारी मॅडमना काय सांगायचं याची मी तयारी करते आहे, म्हणूनच वही घेऊन इथे विहिरीवर बसले होते आणि त्याऐवजी तुम्हाला हे सांगत बसले.

थांबा, आत्या हाक मारते आहे. दारात उभी आहे, निळी साडी खांद्यावर टाकून. तिच्या विहिणीला मानाची साडी द्यायची आहे आणि तिला अगदी अशीच हवी आहे. आई दुकानाचं नाव विसरले म्हणाली, म्हणून आत्या म्हणते, "रुतूची नजर चांगली हाय, तिला ध्यानात असंल, तिलाच इचारते." तिच्यामागे उभी राहून आई मला नको नको अशी मान हलवते आहे. काळजी करू नका, मी काल खूप शिकले आहे, आज मी एक शब्दही जास्त बोलणार नाही, विचारलंच तर फक्त एवढंच सांगेन की ती फाट्यावर त्या गाठोड्यात…